मेलेल्या मांजरांचा पंचनामा

२०१५ सालच्या डिसेंबरात 'ड्वार्फ फोर्ट्रेस' नावाच्या संगणकी खेळात मांजरं मरायला लागली. हा खेळ टार्न आणि झॅक अ‍ॅडम्स या दोन अमेरिकी भावांचा. २००६ पासून तो लोकांसमोर आहे आणि त्या काळी त्यात चित्रं अशी नव्हतीच. बुटकी माणसं, दगड, झाडं, दारूची पिंपं, सगळं कीबोर्डवरच्या अक्षरांनी आणि चिन्हांनी दाखवलेलं. दिसायला इतका गरीब खेळ न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने २०१२ मध्ये आपल्या संग्रहात घेतला, कारण त्याच्या पोटात एक अख्खं जग चालतं. कुणाला तहान लागली, कुणाच्या अंगाला चिखल लागला, कुणाला कुणाचा राग आला, याचा सगळा हिशेब खेळ मुकाट्याने ठेवत असतो.

तर मांजरं मरत होती. "आधीचीच आवृत्ती बरी होती" असं लिहून मोकळं होणं सोपं होतं. एका खेळाडूने तसं न करता जे दिसलं ते कळवलं: गुत्त्यात मांजरं मेलेली सापडताहेत आणि जमिनीवर जिकडेतिकडे त्यांची ओकारी पडली आहे. बस्स. पण 'गुत्ता' आणि 'ओकारी' या दोन गोष्टी त्यात होत्या, आणि माग काढायला टार्न अ‍ॅडम्सला तेवढ्या पुरल्या. नव्या आवृत्तीत त्याने गुत्ते आणले होते. बुटके तिथे पितात, दारू जमिनीवर सांडते. मांजर त्यावरून चालत जातं, पंजे भिजतात. मांजर म्हटलं की अंग चाटणं आलंच, आणि ती सवय खेळात आधीपासून होती. चाटलं की पंजावरचं सगळं पोटात. घोळ एवढाच झाला होता की पंजाला लागलेला ओलावा हिशेबात अख्ख्या पेल्याएवढा धरला जात होता. एवढ्याशा जिवाला पेलाभर दारू किती चढेल, हेही गणित खेळात होतंच. मांजरं दारू पिऊन मरत होती.

ही गोष्ट सांगताना लोक अ‍ॅडम्स भावांच्या प्रतिभेचं कौतुक करतात, आणि ते योग्यच आहे. मला मात्र त्या कळवणाऱ्याचं कौतुक जास्त वाटतं. त्याने पंचनामा केला. पंचनाम्यात काय असतं? दाराची कडी आतून होती की बाहेरून, भांडी कुठे पडली होती, डाग कसले होते. खून कुणी केला, त्याला कोणतं कलम लावायचं, हे पंचांनी लिहायचं नसतं. खेळ खेळणाऱ्याने खेळ बनवणाऱ्याला काय कळवावं, हा प्रश्न आज कोट्यवधी लोकांचा आहे, आणि तो जवळजवळ सगळा या एका फरकात सामावलेला आहे.

माझा भाचा दहावीत आहे. मोबाइलवरचा एक बंदुकांचा खेळ तो रोज खेळतो. परवा संध्याकाळी फोन सोफ्यावर आपटून म्हणाला, "मामा, एक स्टार दिला त्यांना." काय लिहिलंस, विचारलं तर दाखवलं: 'भंगार गेम. नवीन अपडेटनंतर लॅग मारतो. डेव्हलपर झोपलेत का? अनइन्स्टॉल.'

"लॅग मारतो म्हणजे नक्की काय होतं रे?"

"लॅग म्हणजे लॅग! अडकतो."

इथेच खरी मेख आहे. 'लॅग' या एका शब्दाखाली निदान तीन वेगळे आजार राहतात. पहिला जाळ्याचा: तुमच्या फोनकडून सर्व्हरकडे निरोप जाऊन परत यायला लागणारा वेळ, म्हणजे पिंग. तो वाढला की तुम्ही आधी गोळी झाडलेली असते आणि तरी मरता तुम्हीच, कारण सर्व्हरच्या घड्याळात समोरच्याची गोळी आधी पोचलेली असते. दुसरा चित्राचा: फोनला सेकंदाला जितकी चित्रं काढायची असतात तितकी काढणं जमत नाही, मग हालचाल झटके खात होते. यालाच मुलं फ्रेम ड्रॉप म्हणतात. तिसरा निव्वळ उष्णतेचा: फोन तापला की स्वतःला वाचवण्यासाठी प्रोसेसर आपला वेग आपणच कमी करतो. पहिला आजार बघणारा माणूस वेगळा, दुसरा बघणारा वेगळा, आणि तिसऱ्यात खेळ बनवणाऱ्याची चूक असेलही किंवा नसेलही. 'लॅग मारतो' हे वाचून त्या कचेरीतल्या माणसाने कुणाच्या टेबलावर कागद ठेवायचा?

आम्ही मग बसून उलटतपासणी केली. पिंग किती दाखवत होता? चाळीसच्या आसपास, हिरवा. म्हणजे जाळ्याचा दोष नाही. चार्जिंगला लावून खेळत होतास? हो. चार्जर काढून, फोन गार करून पुन्हा खेळला, तरी अडकला. नेहमी अडकतो? नाही, गाडीत बसल्यावर. कुठल्याही? थोडा विचार करून म्हणाला, "जीपमध्ये. आणि फक्त पावसाच्या मॅपवर." मग मुद्दाम दहा वेळा करून पाहिलं. पावसात जीप: दहापैकी आठ वेळा अडकला. पावसात चालत: एकदाही नाही. कोरड्या मॅपवर जीप: एकदाही नाही.

पाऊण तासात 'भंगार गेम'चं रूपांतर अशा गोष्टीत झालं की जी एखादा अनोळखी इंजिनिअर हजारो मैलांवर बसून स्वतःच्या टेबलावर घडवून पाहू शकेल. या 'घडवून पाहण्या'वर सगळं अवलंबून असतं. जो बिघाड पुन्हा घडवता येतो तो बहुधा सापडतो. जो येत नाही तो वर्षानुवर्षं यादीत पडून राहतो. म्हणून चांगल्या तक्रारीत फोनचं मॉडेल, अँड्रॉइडची आणि खेळाची आवृत्ती, ग्राफिक्सची सेटिंग, कुठे, केव्हा, दहापैकी किती वेळा, हे असतं. आणि त्याहून महत्त्वाचं, काय व्हायला हवं होतं आणि काय झालं, ही दोन वाक्यं वेगवेगळी असतात. सायमन टॅथम या ब्रिटिश प्रोग्रामरने १९९९ साली बिघाड कसा कळवावा यावर एक निबंध लिहिला होता. पुटी हे सॉफ्टवेअर त्याचंच. निबंध खेळांवर नाही, पण त्याचं सार तिथेही चालतं: लक्षणं आणि तुमचे अंदाज यांची सरमिसळ करू नका. अंदाज जरूर सांगा, पण लक्षणांच्या जागी नको.

सामान्य खेळाडूचा पंचनामा कुठवर जाऊ शकतो याचं टोकाचं उदाहरण 'जीटीए ऑनलाइन'चं. रॉकस्टारचा हा खेळ २०१३ मध्ये आला, संगणकावर २०१५ मध्ये, आणि सुरू व्हायला तो इतका वेळ घ्यायचा की लोक बटण दाबून चहा टाकायला जायचे. वर्षानुवर्षं सगळे तक्रार करत होते. वर्षानुवर्षं काही होत नव्हतं. फेब्रुवारी २०२१ मध्ये टोपणनावाने वावरणाऱ्या एका प्रोग्रामरने, मूळ कोड हातात नसताना, चालू खेळाची नाडी पकडून बघितली. त्याच्या संगणकावर खेळ उघडायला सहा मिनिटं लागत. त्यातला बहुतेक वेळ खेळातल्या दुकानाची मालयादी वाचण्यात जात होता! दहा एमबीची फाइल, त्यात सुमारे ६३ हजार नोंदी. आणि वाचायची पद्धत अशी, की पोथीतला पुढचा शब्द वाचण्याआधी दर वेळी उरलेली पोथी शेवटपर्यंत मोजायची. वर प्रत्येक वस्तू यादीत घालण्याआधी ती आधीच आली आहे का, हे पहिल्यापासून एकेक नाव तपासून बघायचं. ६३ हजार नावांसाठी या तुलना जवळपास १९८ कोटी होतात. त्याने दोन्ही ठिकाणी स्वतः दुरुस्ती करून दाखवली. सहा मिनिटांची एक मिनिट पन्नास सेकंद झाली. सगळं सविस्तर लिहून प्रसिद्ध केलं. १६ मार्चला रॉकस्टारने अधिकृत दुरुस्ती आणली, श्रेय दिलं आणि दहा हजार डॉलरचं बक्षीसही.

हे वाचून कुणी असं समजू नये की तक्रार करण्यासाठी आधी प्रोग्रामर व्हावं लागतं. 'उघडायला फार वेळ लागतो' ही साध्या खेळाडूंची तक्रार पहिल्या दिवसापासून खरीच होती. इतकी वर्षं ती कुणी उघडून बघितली नाही, हा दोष खेळाडूंच्या भाषेचा नव्हता. पंचनामा कितीही चांगला लिहा, फौजदाराने फाइल उघडायला तर हवी.

बिघाडाचं एक वेळ सोपं असतं. जीप अडकते की नाही, याला उत्तर आहे. पण 'हा नवा नियम मला पटत नाही' याचा पंचनामा कसा करायचा?

'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' २००४ साली बाजारात आला. त्याआधीच्या चाचण्यांत ब्लिझार्ड कंपनीने एक नियम ठेवला होता. लोकांनी तासन् तास ठिय्या मारून बसू नये, म्हणून काही काळ खेळल्यावर मिळणारे अनुभवगुण निम्मे व्हायचे. खेळाडू खवळले. कंपनीने काय केलं? प्रमाण होतं तसं ठेवलं आणि नावं बदलली. आधी जे 'पूर्ण' होतं ते झालं विश्रांती घेतलेल्याचे २०० टक्के. आधी जे 'निम्मं' होतं ते झालं नेहमीचं १०० टक्के. खेळाडू खूश. खेळाचे रचनाकार रॉब पार्डो यांनी ही गोष्ट पुढे जाहीरपणे सांगितली आहे.

ऐकणारा हसतो आणि म्हणतो, बघा कशी टोपी घातली. मला तसं वाटत नाही. खेळाडूंची तक्रार खोटी नव्हती. त्यांना शिक्षा झाल्यासारखं वाटत होतं. ते वाटणं हीच घटना होती आणि तीच दुरुस्त झाली. आता कल्पना करा, सगळ्यांनी मिळून मागणी केली असती की 'निम्मे नको, पाऊण करा.' मग कचेरीत बैठक बसली असती ती निम्मं की पाऊण यावर. पाऊण केले असते तरी शिक्षा ती शिक्षाच राहिली असती, आणि दोन महिन्यांनी पुन्हा बोंब. 'दोन तासांनी मला हाकलल्यासारखं वाटतं' एवढं एक वाक्य मात्र दहा वाटा उघडतं, आणि त्यातली एक वाट अशी निघाली की जी एकाही खेळाडूला सुचली नव्हती.

'मॅजिक: द गॅदरिंग' या पत्त्यांच्या खेळाचे प्रमुख रचनाकार मार्क रोझवॉटर यांनी २०१६ मध्ये आपल्या वीस वर्षांच्या कामातून निघालेले वीस धडे एका भाषणात मांडले. त्यातला एक असा की दुखतंय कुठे हे प्रेक्षकाला उत्तम कळतं, पण त्यावरचा उपाय सांगण्यात तो कच्चा असतो. कारण उघड आहे. आपल्याला तव्यावरची एक भाकरी दिसते. पीठ किती उरलंय, चुलीत लाकडं किती, घरात जेवायचं कोण राहिलंय, हे आत बसलेल्याला माहीत. एका बंदुकीची ताकद कमी केली की दुसऱ्या तीन आपोआप वरचढ होतात, हे तीन आठवड्यांनी कळतं. मुलं ज्याला 'नर्फ करा' म्हणतात, तो उपाय आहे. 'या बंदुकीचा आवाज आला की मी लढायचंच सोडून देतो', हे लक्षण आहे. रचनाकाराला दुसरं वाक्य हवं असतं.

वाटण्याचं गणित किती वाकडं असतं याचा एक मासला सिड मायर यांचा. 'सिव्हिलायझेशन' या प्रसिद्ध खेळमालिकेचे जनक. त्यांनी २०१० च्या एका भाषणात सांगितलं की लढाईत आपली ताकद तिप्पट असताना चौथ्या वेळी हरलेला खेळाडू भडकून सांगायचा की खेळ बिघडलाय. गणिताने चारात एकदा हरायलाच हवं! पण तोच खेळाडू स्वतः एकास तीन असा दुबळा असताना जिंकला तर कुरकुर नाही. तेव्हा तो त्याचा पराक्रम. पुढची गंमत अशी की दोनास एक असताना हरलं तर लोकांना चालायचं, पण वीसास दहा असताना हरलं की नाही. प्रमाण तेच. तरी मायर यांनी खेळाडूंना संभाव्यता शिकवायला घेतली नाही, त्यांनी खेळातलं गणित लोकांच्या अपेक्षेकडे झुकवलं. शुद्ध गणितवाल्यांना हे रुचणार नाही. पण तो खेळ होता, परीक्षा नव्हती.

आता याची दुसरी बाजू, कारण इथवर वाचून कुणी म्हणेल की खेळाडूला काही कळत नाही असंच तुमचं म्हणणं. २०१३ मध्ये ब्लिझार्डच्याच संमेलनात एका चाहत्याने विचारलं की वॉरक्राफ्टची जुनी, सुरुवातीची आवृत्ती पुन्हा खेळायला मिळेल का. व्यासपीठावरून कंपनीच्या जे. अ‍ॅलन ब्रॅक यांनी दिलेल्या उत्तराचा मथितार्थ असा: तुम्हाला ती हवी आहे असं वाटतं, पण खरं म्हणजे नको आहे. रोझवॉटर यांच्या सूत्राचा याहून उद्धट वापर मी पाहिलेला नाही. चाहत्यांनी मग 'नॉस्टॅल्रियस' नावाच्या अनधिकृत सर्व्हरवर जुना खेळ चालवला. एप्रिल २०१६ मध्ये कायद्याची नोटीस आल्यावर तो बंद झाला, तेव्हा चालवणाऱ्यांच्या सांगण्यानुसार दीड लाख लोक तिथे नियमाने खेळत होते. त्या लोकांनी शिव्या घातल्या नाहीत असं नाही, इंटरनेटच ते. पण त्यांनी अडीच लाखांहून जास्त सह्या जमवल्या, कंपनीच्या लोकांची भेट घेतली आणि सर्व्हर कसा चालवला, माणसं कशासाठी आली, कुठे गळाली, याचा अहवाल पुढ्यात ठेवला. नोव्हेंबर २०१७ मध्ये ब्लिझार्डने अधिकृत 'क्लासिक'ची घोषणा केली. ती करायला व्यासपीठावर कोण आले? तेच ब्रॅक. ऑगस्ट २०१९ मध्ये खेळ सुरू झाला तेव्हा आत शिरायला रांगा लागल्या होत्या. खेळाडूंना आपल्याला काय हवं आहे ते पक्कं माहीत होतं. नुसतं 'वाटतं' होतं तोवर उत्तर नकार होतं. दीड लाख माणसांचं वागणं पुराव्याला आलं तेव्हा ते बदललं.

गर्दीच्या आवाजाची गोष्ट वेगळी. तिच्यात ताकद असते आणि तोटाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये 'स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २' येण्याच्या तोंडावर खेळाडूंना कळलं की डार्थ वेडरसारखं पात्र मिळवायला ६० हजार नाणी लागतात. कुणीतरी बसून हिशेब मांडला: एका पात्रासाठी सुमारे चाळीस तास. ईए कंपनीने त्यावर दिलेलं खुलाशाचं उत्तर इतकं गुळगुळीत होतं की रेडिटवर त्याला सहा लाखांहून अधिक नापसंतीची मतं पडली आणि तो विक्रम ठरला. किंमत १५ हजारांवर आली. खऱ्या पैशाने होणारी खेळातली खरेदी प्रकाशनाच्या आदल्या रात्री तात्पुरती बंद झाली. आठवणीत सहा लाखांचा आकडा राहतो. पण वार खोल गेला तो चाळीस तासांच्या हिशेबाने. 'लुटारू' म्हटलं की कंपनीला खांदे उडवता येतात, गुणाकारापुढे तसं करता येत नाही. मे २०२४ मध्ये 'हेलडायव्हर्स २'च्या संगणकावरच्या खेळाडूंना सोनीचं खातं जोडण्याची सक्ती होणार म्हटल्यावर दोन लाखांहून जास्त नकारात्मक अभिप्राय पडले आणि तीन दिवसांत सोनीने माघार घेतली. तिथेही मुद्दा कागदावर दाखवण्यासारखा होता: जिथे सोनीचं खातं काढताच येत नाही अशा देशांतही खेळ विकला गेला होता.

काही कंपन्यांनी या गर्दीला रीतसर चौकट देऊन बघितली. 'ईव्ह ऑनलाइन' हा आइसलँडच्या सीसीपी कंपनीचा अंतराळातला खेळ. त्यात २००८ पासून खेळाडू मतदान करून आपलं प्रतिनिधी मंडळ निवडतात, आणि कंपनी त्या मंडळाला रेक्याविकला बोलावून आतल्या योजना दाखवते. अक्षरशः ग्रामपंचायत. २०११ मध्ये खेळातल्या एका शोभेच्या एकाक्षी चष्म्याची किंमत साठ डॉलरच्या वर ठेवल्यावर खेळाडूंनी खेळातल्याच व्यापारी केंद्रात जमून तिथल्या स्मारकावर तोफा डागल्या. मंडळाला तातडीने आइसलँडला बोलावलं गेलं, आणि त्या वर्षी ऑक्टोबरात कंपनीच्या प्रमुखांनी जाहीर माफी मागितली. 'ओल्ड स्कूल रूनस्केप' तर मतपेटीवरच चालतो. २०१३ पासून नवी गोष्ट आणायची तर खेळाडूंचा कौल घ्यायचा, आणि साधं बहुमत पुरत नाही: सुरुवातीला ७५ टक्के, नंतर ७०. नौकानयनाचं कौशल्य खेळात आणावं ही कल्पना मुळात एप्रिल फूलची थट्टा. २०१५ मध्ये ती मताला टाकली, बहुमत मिळूनही नापास झाली. २०२३ मध्ये मंजूर झाली आणि २०२५ मध्ये बोटी पाण्यात उतरल्या. दहा वर्षं. आपल्या नगरपालिकेच्या पुलालाही एवढी लागत नाहीत, असं म्हणणार होतो. पण राहू दे.

तरी मतपेटीला एक आंधळी जागा असते: मत देतो तो, जो अजून खेळतोय. जो कंटाळून निघून गेला तो काही कळवत नाही, गुपचूप जातो. कंपनीला त्याचा आकडा दिसतो. कितव्या पातळीवर किती जणांनी खेळ सोडला, कुठल्या दारापाशी किती मेले, हे सगळं सर्व्हरवर नोंदलेलं असतं. पण का सोडला हे त्या आकड्यात नसतं. ते फक्त माणूस सांगू शकतो. म्हणून खेळ सोडताना लिहिलेल्या चार ओळी माझ्या मते सगळ्यात मोलाच्या. आणि नेमक्या त्याच वेळी आपण 'अनइन्स्टॉल' एवढंच लिहून दार आपटतो. तसंच आवडलेल्या गोष्टीचं. तीही सांगावी लागते. नाहीतर दुरुस्तीच्या भरात तीच काढून टाकली जाते, कारण तिच्या बाजूने कागदावर एक अक्षरही नसतं.

आणि पलीकडे माणसं असतात. 'नो मॅन्स स्काय' हा इंग्लंडमधल्या गिल्डफर्डच्या छोट्याशा चमूचा खेळ २०१६ मध्ये सुमारे सात आठवडे पुढे ढकलला, तेव्हा त्याचे निर्माते शॉन मरी यांना जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. उशिरासाठी! ऑगस्टमध्ये खेळ आला आणि आश्वासनं आणि माल यांतली तफावत बघून लोक चिडले, ते चिडणं रास्त होतं. चमू गप्प झाला. नोव्हेंबरात पहिली मोठी सुधारणा आली, मग दुसरी, मग वर्षानुवर्षं, फुकट. २०२४ मध्ये स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानात त्याच्या एकूण अभिप्रायांचा शेरा 'अतिशय सकारात्मक' झाला. त्या आठ वर्षांत ज्या तक्रारींचं काम झालं त्यांत धमकी एकही नव्हती, हे मी पैजेवर सांगतो. 'मित्राबरोबर खेळता येत नाही' अशा असणार.

हे दूरचं वाटत असेल तर जवळचं घ्या. 'प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम'ची नवी आवृत्ती युबिसॉफ्टने आपल्या पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंकडे सोपवली होती. सप्टेंबर २०२० मध्ये पहिली झलक आली आणि चित्रं जुनाट दिसतात म्हणून जगभरातून टीका झाली. तारीख जानेवारी २०२१ वरून मार्चवर गेली, मग बेमुदत पुढे, आणि मे २०२२ मध्ये काम कॅनडातल्या माँट्रियलकडे गेलं. टीका करू नये असं मी म्हणत नाही. झलक खरोखरच फिकी होती. पण त्या दिवसांत प्रतिक्रिया वाचत बसलेली माणसं पुण्या-मुंबईत आपल्याच आसपास राहणारी होती. 'उन्हात चेहरे मेणाचे वाटतात' हे वाक्य त्यांच्यातल्या एखाद्याला दुसऱ्या दिवशी कामाला लावतं. 'लाज वाटते' हे वाक्य त्याला फक्त रात्रभर जागवतं. आणि पुढचे खेळ अशाच शहरांतून यायचे आहेत: 'राजी' पुण्यात झाला, 'इंडस' पुण्यात झाला. तिथल्या विकसकाला तुमचा साधा फोन, तुमचं खेड्यातलं नेटवर्क माहीत असण्याची शक्यता जास्त. त्याच्याकडे बोला, आणि मराठीत बोलायलाही हरकत नाही. प्ले स्टोअरवरचे अभिप्राय विकसकाला यंत्राने भाषांतरित होऊन दिसतात. फक्त वाक्यं छोटी ठेवा. 'अपडेटने गेमचा बाजार उठवला' असं लिहाल तर यंत्राला वाटेल शेअर बाजार वधारला, आणि आभाराचं पत्र येईल.

भाच्याने शेवटी एक स्टारचे तीन केले आणि जुना मजकूर काढून सात ओळी लिहिल्या: फोन, आवृत्ती, पावसाचा मॅप, जीप, दहापैकी आठ, चालताना नाही, कोरड्यात नाही. खाली स्वतःहून जोडलं, 'पावसाचा आवाज मस्त आहे, तो बदलू नका.' पाच दिवसांनी उत्तर आलं. त्यात सांत्वन नव्हतं, ठरावीक आभारही नव्हते. एकच प्रश्न होता: जीपचे वायपर चालू असताना अडकतो की बंद असतानाही?

भाचा तेव्हापासून पावसात जीप चालवतोय, वायपर लावून दहा वेळा, न लावता दहा वेळा.